बँकॉकमार्गे भैरवनाथाकडे

बँकॉकला जाऊन आलेल्या पन्नाशीच्या माणसाला आमच्या मावळात कोणी 'काय काय पाहिलंत?' असं विचारत नाही. नुसतं हसतात आणि पाठीवर थाप मारतात. मी म्हाताऱ्या आईला सोबत घेऊन गेलो होतो, हे सांगितलं की हसू थांबतं आणि तोंडावर वेगळाच संशय येतो. खरं कारण तर मी कोणाला सांगितलंच नव्हतं. दंडाखाली लोंबणारी कातडी कापून घेता येते का, याची चौकशी करायला मी गेलो होतो. लोकांनी मला रंगेल समजलेलं चालेल, पण हे कळायला नको, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. आता सगळ्या गावाने सगळं पाहून झालं आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

टाकवे बुद्रुक

मी मूळचा टाकव्याचा, नोकरीसाठी तळेगावात राहतो, एका पतसंस्थेत शाखा सांभाळतो. गावात माझं नाव 'जाडा वसंता'. दुसरा एखादा बारीक वसंता होता म्हणून नव्हे. वसंता मी एकटाच होतो. तीन वर्षांपूर्वी जिना चढताना छातीत असं काही भरून आलं, की मला उचलून दवाखान्यात नेलं. उचलायला चौघे लागले, हे मला अजून ऐकवलं जातं. त्या दिवशी आईने भैरवनाथापुढे पदर पसरला, "माझा लेक पायांनी चालत घरी येऊ दे. त्याला गुळानं तोलीन."

मी पायांनी चालत घरी आलो. देवाने आपलं काम केलं. पुढचं डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलं. मावळात राहून भात सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. शेजारच्या ताटात इंद्रायणीचा भात वाफाळतो आहे, त्याचा वास पार दारापर्यंत गेला आहे, आणि आपण काकडी चावतो आहोत. माझी बायको शैला दोन वर्षं दोन-दोन स्वयंपाक करत होती. मी वजन घटवलं असं लोक म्हणतात. खरं तर तिने घटवलं, मी फक्त चिडचिड केली.

शहरात लोकांनी कौतुक केलं. गावात सांत्वन केलं. "साखर हाय का?" "पुन्याला मोठ्या डाक्टरला दाखवलं का?" आमच्या एका मावशीने तर माझा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांना पदर लावला. गावात बारीक होणाऱ्या माणसाला काहीतरी झालेलं असतं, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

चरबी गेली, पण कातडी गेली नाही. पाहुणे निघून गेल्यावर अंगणात मांडव तसाच राहावा, तशी ती राहिली. पोटावरची सदऱ्यात झाकते. दंडांचं काय करायचं? रिक्षाला हात केला, तर रिक्षा थांबल्यावरही माझा दंड थोडा वेळ हात करतच राहतो. मे महिन्यातही मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागलो. भुशीला धरणाच्या पायऱ्यांवर सगळे उघडे होऊन पाण्यात बसत, तेव्हा पूर्वी मी लाजेने काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचो. बारीक झाल्यावर पाण्यात उतरेन, असं शैलाला म्हटलं होतं. बारीक झालो, आणि परत कपडे सांभाळत बसलो.

अशात सोपानआबांचा निरोप आला. सोपानआबा म्हणजे भैरवनाथाचे गुरव. नवस दोन जत्रा लांबला आहे, या चैत्रात फेडायचाच, देवाला ताटकळत ठेवणं बरं नव्हे. आमच्याकडे गूळतुलेची रीत अशी : ओलेत्या धोतराने, उघड्या अंगाने पारड्यात बसायचं, दोन्ही हात वर करून साखळ्या घट्ट धरायच्या, आणि समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढत जातात. जत्रेला आलेलं सगळं गाव गोल करून पाहत असतं. दोन्ही हात वर. उघड्या अंगाने. त्या रात्री मी बाथरूमच्या आरशासमोर हात वर करून पाहिले आणि लगेच खाली घेतले.

हे कापून घ्यायचं, असं तिथेच ठरवलं. पण कुठे? पुण्यातलं एकही मोठं हॉस्पिटल टाकव्याच्या माणसाशिवाय चालत नाही. एकात माझ्या भावाची, दत्तूची, मेहुणी नर्स आहे. दुसऱ्यात आमच्या आळीतला माणूस कँटीन चालवतो. तिसऱ्यात चौकशीला म्हणून गेलो, तर गाडी लावायच्या जागी शिट्टी वाजवणाऱ्याने विचारलं, "वसंतभाऊ, तुमी हितं कुटं?" मग इंटरनेटवर शोधत शोधत बँकॉक सापडलं. आधी तपासणी, पटलं तर दोन दिवसांनी तिथेच ऑपरेशन.

शैला म्हणाली, "करायचं तर करा. पण आईंशी खोटं बोलू नका."

मी खोटं बोललो. खरं म्हणजे एकच वाक्य बोललो. बँकॉक म्हटल्यावर दत्तू फोनवरच खाकरला, तेव्हा आईने फोन घेतला.

"कशाला चाललायस तितं?"

"तिथे ब्रह्मदेवाचं जागृत स्थान आहे, आई. नवसाच्या आधी पाया पडून यावं म्हटलं."

स्थान आहे, हे खरं आहे. माझं खोटं नेहमी असं खऱ्याच्या आडोशाने उभं राहतं, म्हणून ते पकडलं जात नाही आणि मला झोप येत नाही.

आई म्हणाली, "मग मी बी येते."

आईचा पासपोर्ट होता. नेपाळच्या यात्रेसाठी दत्तूने काढला होता, आणि नेपाळला तो लागत नाही हे काढल्यावर कळलं होतं. तो वाया गेला म्हणून ती इतकी वर्षं हळहळत होती.

बँकॉक

मुंबईच्या विमानतळावरची एकच गोष्ट सांगतो. ब्रह्मदेवाला वाहायचा नारळ आईने हातातल्या पिशवीत ठेवला होता. तपासणीच्या बाईने तो काढून घेतला. आई तिला म्हणाली, "ठिव, पर टाकू नगं. घरी नेऊन फोड आन् खा, देवाचा हाय." बाईने नारळ कडेला ठेवला आणि नकळत हात जोडले. पुढे चार दिवस मला ज्या देशात राहायचं होतं, त्याची ही सुरुवातच होती, कारण तिथे सगळेच हात जोडतात. हॉटेलचा दरवान, बसचा वाहक, दुकानातली मुलगी. आईला तो देश पहिल्या तासातच पटला.

दुसरी गोष्ट पटली ती दारातली देवळं. तिथे प्रत्येक इमारतीबाहेर, खांबावर, कबुतराच्या खुराड्याएवढं एक सोनेरी देऊळ असतं. जागेचा राखणदार आत्मा त्यात राहतो, असं मानतात. मी आईला हे फोनमध्ये वाचून समजावत होतो, तोवर ती चप्पल काढून पुढे झाली होती.

"म्हसोबा हाय ह्यांचा. येवडं काय वाचतोस?"

त्या म्हसोबापुढे लाल सरबताच्या बाटल्या मांडल्या होत्या, प्रत्येकीत एक नळी खोचलेली. आपल्याकडे पूर्वी काय देत असत आणि त्याच्याऐवजी हे लाल सरबत कसं आलं असावं, ते आईने मला समजावून सांगितलं. मग बराच वेळ नळीकडे पाहत ती म्हणाली, "पर नळी लावत्यात, हे लय चांगलं हाय. देवाची सोय बगत्यात."

खाण्याचे मात्र हाल. तिथला भात सुवासिक असतो, असं पुस्तकात लिहितात. आईने एक घास घेतला, बोटांत घोळवला आणि "बरा हाय" म्हणाली. आमच्या घरात 'बरा हाय' हे परीक्षेत नापास झालेल्या पोराला म्हणतात. कच्च्या पपईची कोशिंबीर मात्र तिला आवडली. रस्त्याकडेला एक बाई उभ्या लाकडी उखळात मिरची, लसूण, शेंगदाणे घालून ती कुटत होती. ठेच्याचा आवाज ऐकून आई जाऊन तिच्या शेजारीच उभी राहिली. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं. थोड्या वेळाने पाहतो तर मुसळ आईच्या हातात होतं आणि ती बाई मान डोलवत होती. मुसळ वर जायचं तसा आईचा चोळीबाहेरचा दंड हलायचा. मी नजर दुसरीकडे वळवली. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला खाली उतरलो आणि पाठीमागून हाक आली, "भाऊ! टाकव्याचे ना तुमी?"

आमच्या शेजारच्या नवलाख उंबरे गावचा गोरख. त्याची जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हापासून तो मित्रांना घेऊन वर्षातून एकदा बाहेरदेशी जातो. पुण्यातली हॉस्पिटलं मी सोडली होती ती याच भीतीने, आणि इथे हा अंड्याची बशी घेऊन समोर उभा. त्याने डोळा मारला, "एकलेच आलाय व्हय?"

"न्हाई, मी हाय की संगं," असं म्हणत आई केळी घेऊन आली.

गोरखने आयुष्यात इतक्या पटकन बशी खाली ठेवली नसेल. "मावशी! तुमी?" त्याने पाया पडून घेतलं आणि बाकीचे दिवस तो आणि त्याचे मित्र आम्ही दिसलो की रस्ता ओलांडून जायचे. लाज वाटण्याचं काम त्या हॉटेलात मी एकट्यानेच करायचं नाही, याचं मला बरं वाटलं.

त्या दिवशी आम्ही एका मोठ्या बुद्धमंदिरात गेलो. दारात पाटी होती आणि पाटीवर चित्र : उघड्या दंडांवर लाल फुली. खांदे आणि दंड झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत. बिनबाह्यांचे गोरे लोक रांगेत उभे राहून भाड्याने कापड घेत होते आणि पूर्ण बाह्यांचा मी, आयुष्यात पहिल्यांदा, योग्य कपड्यांत उभा होतो. आपला देव उघडं बसवतो, यांचा देव झाकून बोलावतो. एवढ्या एका मुद्द्यावर धर्म बदलणाऱ्या माणसाला काय म्हणतात, असा विचार करत मी आत गेलो. आई बुद्धाच्या शांत चेहऱ्याकडे पाहत म्हणाली, "ह्यो काय मागत नसंल कोनाला." दुपारी मला तिला फसवायचं होतं.

दवाखाना

फसवायचा बेत साधा होता. "तू इथे गारव्यात बस, मी एका ओळखीच्या माणसाला भेटून येतो." हॉस्पिटलचा तो दिवाणखाना असा होता, की तिथे औषधाचा वास नव्हता, फुलांचा होता. पायाखाली संगमरवर, एका बाजूला कारंजं, आणि प्रत्येक येणाऱ्याला वाकून हात जोडणाऱ्या मुली. आईला ते भक्तनिवास वाटलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

वर मला रितू भेटली. पंजाबी घरातली, तिथेच जन्मलेली, हिंदी बोलणारी. परदेशी रुग्णांना डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगणं हे तिचं काम. डॉक्टर हळू आवाजाचे, सभ्य. त्यांनी मला शर्ट काढायला सांगितलं आणि हात आडवे धरायला लावले. मग माझी कातडी चिमटीत धरून एका निळ्या पेनाने काखेपासून कोपरापर्यंत रेघ ओढली, परत फिरून दुसरी ओढली. या दोन रेघांमधलं जाईल. तळेगाव-चाकण रस्ता रुंद करायचा ठरला, तेव्हा कडेच्या झाडांवर अशाच खुणा केल्या होत्या. त्या झाडांना तेव्हा काय वाटलं असेल, याची कल्पना आली.

"व्रण राहील," रितूने सांगितलं. "काखेपासून कोपरापर्यंत. हळूहळू फिका होतो."

"चालेल."

"सोबत कोण आहे? नंतर काळजी घ्यायला माणूस लागतं. केस विंचरायला, कपडे घालायला."

"आई आहे. खाली."

हे मी का सांगितलं, कळत नाही. डॉक्टरांपुढे उघडा उभा असलेला माणूस खरं बोलतो, एवढंच म्हणता येईल. रितूने कोणाला तरी फोन केला, आणि माझ्या अंगात शर्ट जाण्याच्या आत दार उघडून आई आत आली. तिच्यामागे हात जोडणारी मुलगी.

आईने माझ्याकडे पाहिलं. दोन्ही दंडांवरच्या निळ्या रेघांकडे पाहिलं. मला वाटलं आता रडेल, किंवा थोबाडीत देईल. दोन्हींची माझी तयारी होती. दोन्हींसाठी मी पात्रही होतो.

"हे गोंदलं कुनी?"

रितूनेच तिला हिंदीत सगळं सांगितलं, अगदी आदराने, माताजी माताजी करत. आईला हिंदी बोलता येत नाही, पण दूरदर्शनमुळे कळतं सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग जवळ येऊन माझा दंड तिने हातात घेतला, भाजी घेताना वांगं दाबून पाहतात तसा दाबला.

"कापून कुटं टाकत्यात ही कातडी?"

रितूने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांना हा प्रश्न बहुधा कोणी विचारला नव्हता.

"आन् हात कवा वर व्हनार ह्याचे?"

"खांद्याच्या वर दीड-दोन महिने न्यायचे नाहीत, माताजी. टाके उसवतात."

आई माझ्याकडे वळली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "जत्रा फुडल्या म्हैन्यात हाय. मग साकळी कशानं धरनार तू? दातानं?"

आणि मी, रोज लोकांच्या कर्जाच्या अर्जांतल्या चुका काढणारा माणूस, निळ्या रेघांसकट तिथे उभा राहिलो. तुलेत हात वर करावे लागतील म्हणून ऑपरेशन करायचं, आणि ऑपरेशन केलं तर हात वर करता येणार नाहीत. तीन महिने मी याच्यावर रात्ररात्र वाचत होतो. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टर मात्र आईकडे पाहत होते. ते रितूला काहीतरी म्हणाले आणि रितू हसून म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, माताजींचे दंडही तसेच आहेत. दोघांनी एकदम केलं तर सवलत मिळेल."

मी पाहिलं. तेव्हा कुठे पाहिलं. चोळीच्या बाहीखालून तिची कातडी तशीच सुटून लोंबत होती, माझ्यासारखीच, तोच उतार, तीच सुरकुती. ती काही कमी करायला गेली नव्हती. वयाने आणि शेताने तिचं मांस काढून घेतलं होतं आणि रिकामी पिशवी तिच्याकडे ठेवली होती.

आई म्हणाली, "तिला सांग, इचार करते."

खाली उतरताना मी म्हटलं, "आई, मी खोटं बोललो."

"व्हय. मला वाटलं दुसराच काय आजार हाय आन् लपवतोयस. म्हनून आले संगं." तिने लिफ्टच्या आरशात पदर नीट केला. "कापायचं तर काप. तुझं अंग हाय. देवाला म्हनावं आनखी एक साल थांब. पर नवस मी बोललेय, माझा काय भरवसा हाय व्हय फुडल्या सालाचा?"

ती धमकी नव्हती. ती हवामानाचा अंदाज सांगावा तशी बोलली. संध्याकाळी चौकातल्या चार तोंडांच्या ब्रह्मदेवाला आम्ही झेंडूच्या माळा वाहिल्या. आईने चारही तोंडांपुढे वेगवेगळं काहीतरी पुटपुटलं. मी रितूला कळवलं, की आत्ता जमणार नाही, जत्रेनंतर बघू. तिने जत्रेनंतरची तारीख धरून ठेवली.

लोणावळा

मुंबईला उतरून घाट चढलो आणि लोणावळ्यात आईने गाडी थांबवायला सांगितली.

"परसाद घ्यायचा हाय."

"कसला प्रसाद?"

"बँकॉकचा. देवाला जाऊन आलो, मोकळ्या हातानं जायाचं व्हय गावात?"

मी म्हटलं, तिथून का नाही घेतला? ती म्हणाली, तिथल्या मिठाईला उग्र वास येतो, फणस सडल्यासारखा, गावात कोण खाईल. आणि तिने दुकानात जाऊन शेंगदाण्याची, तिळाची, खोबऱ्याची चिक्की वेगवेगळी चाखून निवडली, आणि दुकानदाराला बजावलं, "नाव छापलेला डबा नगं. कोऱ्या कागदात बांद."

गावात तिने घरोघर तो प्रसाद वाटला. "ब्रम्मदेवाचा हाय. चार तोंडं हायती त्याला." लोणावळा ज्यांना बाजाराइतकं जवळ, त्या लोकांनी डोळे मिटून कपाळाला लावून चिक्की खाल्ली. दत्तू म्हणाला, "परदेशातली चिक्की बी आपल्यासारखीच लागती की." आईने डोळ्याची पापणीही हलवली नाही. शैलाने माझ्याकडे पाहिलं. मी कुणावर गेलो आहे, हे तिला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं असावं. फरक एवढाच, की आई खोटं बोलून शांत झोपते.

पुन्हा टाकवे

जत्रेच्या सकाळी देवळासमोर तीन वाशांच्या तिकाटण्याला गिरणीतला जुना मोठा तराजू टांगला होता. एका बाजूला गुळाच्या ढेपा रचलेल्या, माश्या त्यांच्यावर गोळा झालेल्या. मी विहिरीवर अंघोळ करून ओल्या धोतराने आलो, टॉवेल खांद्यांवरून पुढे घेतलेला. सोपानआबांनी तो टॉवेल सरळ ओढून घेतला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला.

पहिली हाक गर्दीतून आलीच. "आरं, वश्याचे दंड लय लोंबत्यात रं!"

गोरख होता. सगळे हसले. मी पण वाट पाहत होतो, की आता पुढचं बोलतील. पण पुढचं कोणी बोललंच नाही, कारण तेवढ्यात एक खराखुरा प्रश्न निघाला.

गुळाचा हिशेब दत्तूने माझ्या आताच्या वजनाने केला होता. सोपानआबांनी ढेपांकडे पाहिलं आणि मान हलवली. "नवस बोलला तवा ह्यो केवडा व्हता?"

"दुप्पट व्हता," कोणीतरी म्हणालं.

"मग देवाला दुपटीचा सबुद हाय. आता अरदा माणूस बसवून देवाला फशिवता व्हय?"

यावर निम्मं गाव एका बाजूला, निम्मं दुसऱ्या बाजूला झालं. एक म्हणे, नवस माणसाचा असतो, चरबीचा नव्हे. दुसरा म्हणे, मग सगळेच नवस बोलून डाएट करतील. दत्तू म्हणाला, उरलेल्या वजनाचं तांदळाचं पोतं ठेवू माझ्यासोबत. आबा म्हणाले, "जिवाच्या बदल्यात जीव लागतो, पोतं न्हाई." आणि हे सगळं मी उघड्या अंगाने, भर उन्हात, मध्ये उभा राहून ऐकत होतो. माझ्या दंडांना विषयातून कधीच काढून टाकलं होतं. मी किती जाड होतो, यावर लोक भांडत होते, आणि प्रत्येकजण मला जास्तच जाड ठरवत होता.

"सरका," आई म्हणाली.

तिने पदर खोचला, पारड्यात पाय ठेवला आणि बसली. "जेवडा गेलाय तेवडी मी भरते. आता बगा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हरवलेल्या वजनाचा मनातल्या मनात अंदाज घेतला. "भरंल," ते म्हणाले. मी दोन वर्षं काकडी खाऊन बरोबर एक आई कमी केली होती, असं ठरलं.

मी तिच्या शेजारी बसलो. दोन्ही हात वर केले, साखळ्या धरल्या. आईनेही धरल्या. समोर ढेपा चढायला लागल्या. एक, एक करत रास संपली आणि आमचं पारडं जमिनीवरून उठलं नाही. गूळ एका माणसाचा आणला होता, आणि आता पारड्यात दोघं होतो.

"बसलेलं माणूस तोलल्याबिगर उठत न्हाई," आबांनी जाहीर केलं. दत्तू टेम्पो घेऊन वडगावच्या बाजाराला पळाला.

तर मी, जो एक क्षणभर हात वर करायला नको म्हणून बँकॉकपर्यंत गेलो होतो, तो वडगावहून गूळ येईपर्यंत तसाच बसून राहिलो. जत्रा आमच्या भोवती चालू होती. पोरं भेळ खात समोर उभी राहत, पाहत, जात. शैला छत्री धरून आली आणि दोघांच्या डोक्यावर सावली करून उभी राहिली. गोरख बर्फाचा गोळा घेऊन आला, काय करावं न सुचून त्याने तो आईच्या तोंडाजवळ धरला.

"नळी लाव की," आई त्याला म्हणाली, आणि हसता हसता तिचा श्वास फुलला. मी पाहिलं, साखळीवरची तिची पकड सुटत होती.

"आई, सोड ना जरा. आबा काय म्हणणार नाहीत."

"धरायला तर लागतंच." तिने साखळी सोडली. हात खाली आले आणि माझ्या दंडाकडे वळले. दोन्ही हातांनी तिने माझ्या दंडाखालची ती सैल कातडी मुठीत धरली, पायऱ्या चढताना कठडा धरावा तशी, आणि सगळा भार टाकला. जिथे निळी रेघ होती, अगदी तिथे.

"हितं बरं धरता येतंय," ती म्हणाली.

मी हलूही शकत नव्हतो. दुखत होतं. मी हात खाली घेतले नाहीत.

गूळ आला. ढेपा चढल्या. आमचं पारडं करकरलं, जमिनीवरून सुटलं, आणि आई आणि मी, दोघं मिळून पूर्वीचा एक वसंता, हळूच वर आलो. ढोल वाजला. लोकांनी भंडारा उधळला. संध्याकाळी घरी गूळ वाटण्याची इतकी घाई झाली, की मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा विसरलो, आणि हे मला शैलाने रात्री सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रितूचा निरोप आला, तारीख पक्की करायची का? मी लिहिलं, सध्या नको, पुढे कधी वाटलं तर कळवीन. हे खरं आहे. कधी वाटणारच नाही, असं म्हणण्याइतका मी मोठा झालेलो नाही. तिने लगेच उलट विचारलं, "और माताजी?"

मी आईला वाचून दाखवलं. ती ओसरीवर बसून उरलेला गूळ फोडत होती. बत्ता वर नेला, दंड हलला, ढेप फुटली.

"तिला म्हनावं," ती म्हणाली, "इचार चाललाय."